कोणत्या कंपनीचं पेट्रोल? ताफ्यासाठी केलेल्या तपासणीच्या नोंदी

२ मार्च

यापुढे ताफ्यातल्या सगळ्या गाड्या एकाच कंपनीच्या पंपांवर भरायच्या, कार्ड एक, बिल एक, असं अकाउंट्सनं ठरवलंय. कंपनी कोणती हे शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पर्याय तीन आहेत. वहीत त्यांना क, ख आणि ग म्हणेन. करार व्हायचाय, कागद कुणाच्याही हाती लागू शकतो.

चालकांशी बोललो. मतं एकदम पक्की, आणि एकमेकांच्या उलट. सगळ्यांत जुने काका म्हणाले, "साहेब, ख चं पेट्रोल हलकं असतं. चढाला गाडी ओढतच नाही. क टाका आणि बघा कशी उचलते." त्यांच्याच शेजारी बसणारा दुसरा सांगतो की क टाकलं की ॲव्हरेज पडतं. ग बद्दल कुणाचंच मत नाही, कारण ग चा पंप वाटेत लागत नाही.

मालकांना महिना-दीड महिना मागितलाय.

४ मार्च

सुरुवात डिपोपासून केली. एका टँकर मालकाशी ओळख आहे, त्याच्याकडे जाऊन बसलो. तिथे जे कळलं ते पाठ्यपुस्तकातही आहे, पण चालकांपैकी कुणाच्या डोक्यात नाही: पेट्रोल बहुतेकदा ब्रँडचं नसतंच. रिफायनरीतून निघालेलं पेट्रोल ठरलेल्या मानकात बसलं की ते सगळ्यांचंच. युरोपात ते मानक ईएन २२८, अमेरिकेत एएसटीएम डी ४८१४. एकाच पाइपलाइनमधून अनेक कंपन्यांचा माल वाहतो, एकाच टर्मिनलच्या टाक्यांत साठतो. ज्या भागात एखाद्या कंपनीची रिफायनरी नसते तिथे ती दुसरीचा माल उचलते आणि दुसऱ्या भागात तिला तेवढाच परत देते. टँकर वाहतुकीचा खर्च वाचतो, म्हणून हे सगळीकडे चालतं.

वेगळेपण येतं ते टँकर भरताना. लोडिंगच्या हाताजवळ ॲडिटिव्हचा पंप असतो. पेट्रोल टँकरच्या कप्प्यात पडत असतानाच ज्या कंपनीचा टँकर, तिचं ॲडिटिव्ह मोजून त्यात सोडलं जातं. प्रमाण दर दहा लाख भागांत काही शे भाग. म्हणजे क आणि ख चं पेट्रोल एकाच टाकीतून निघून शेवटच्या काही मीटरमध्ये वेगळं होऊ शकतं.

तर प्रश्न तीन झाले. मूळ पेट्रोल वेगळं आहे का, ॲडिटिव्ह वेगळं आहे का, आणि पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत गेल्यावर त्याचं काय होतं. चालक हे तिन्ही एकत्र करून "हलकं", "भारी" म्हणतात.

९ मार्च

पहिले नमुने घेतले. काचेच्या गडद बाटल्या, आधी त्याच पेट्रोलनं खंगाळून. प्लास्टिकच्या बाटलीला पंपावरच्या पोरानं स्वतःहून नकार दिला, त्याचं कौतुक वाटलं.

घनता हायड्रोमीटरनं मोजली. तापमान नोंदवलं नाही तर या आकड्याला अर्थ नाही. पेट्रोल फुगतं: दर अंशाला घनमीटरमागे साधारण पाऊण ते एक किलो घनता उतरते. आज २८ अंशांना क चं वाचन ७३३ (घनमीटरमागे किलो) आलं, १५ अंशांवर आणलं की ७४४ च्या आसपास. ख ७४०, ग ७४८. ईएन २२८ मध्ये ७२० ते ७७५ एवढी मोकळीक आहे, म्हणजे तिघंही आरामात आत.

काकांना ख चा आकडा सांगितला. "बघा, हलकं!" म्हणाले. आता नवी खेप येईपर्यंत थांबून परत मोजायचं.

भेसळीसाठी घनता एकटी पुरत नाही, हेही इथेच लिहून ठेवतो. रॉकेल पेट्रोलपेक्षा जड, हलके सॉल्व्हंट पेट्रोलपेक्षा हलके. दोन्ही हिशेबानं घातले की हायड्रोमीटर जागेवरच राहतो. फिल्टर पेपरवर थेंब टाकून बघितला: तिन्ही नमुने उडून गेले, तेलकट डाग राहिला नाही. ढोबळ चाचणी आहे. खरी पकड ऊर्ध्वपातनाची. चांगलं पेट्रोल २१० अंशांच्या आत संपूर्ण उकळून जातं, रॉकेलाची शेपटी त्याच्या पुढे लांबते. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेनं ते करून द्यायचं कबूल केलंय.

१६ मार्च

तिन्ही पंपांवर टँकर येऊन गेल्यावर पुन्हा घनता. क ७३९, ख ७४७, ग ७४५. क्रम पार फिरला. दोन ब्रँडमध्ये जेवढा फरक, जवळपास तेवढाच एकाच ब्रँडच्या दोन खेपांमध्ये आहे. रिफायनरी ज्या कच्च्या तेलावर चालते, ज्या दिवशी जे घटक मिसळते, त्याप्रमाणे हे हलतं. मोसमाप्रमाणेही हलतं: थंडीत इंजिन चटकन सुरू व्हावं म्हणून ब्यूटेन जास्त ठेवतात, उष्म्यात बाष्पदाब कमी लागतो म्हणून ते काढतात. मार्चमध्ये क आणि मेमध्ये ख वापरून कुणी तुलना केली, तर तो ब्रँड मोजत नाही, हवामान मोजतो.

काकांना नवे आकडे दाखवले. त्यांनी चष्मा लावून वाचले आणि म्हणाले, "तुमचं यंत्र बघून घ्या एकदा."

प्रयोगशाळेचा निकालही आला. तिन्ही नमुने २१० च्या आत संपले. मूळ मालाबद्दल शंका उरली नाही.

२१ मार्च

ॲव्हरेज. इथेच सगळे अडतात.

टाकी गळ्यापर्यंत भरायची, गाडी पळवायची, परत गळ्यापर्यंत भरायची, भागाकार करायचा: ही पद्धत आमच्या गाड्यांवर चालणार नाही. नोझलचा कट-ऑफ कधी लवकर पडतो, कधी उशिरा. गाडी जरा तिरकी उभी असली की टाकीत हवेचा फुगा राहतो. तीस लिटरमध्ये एक लिटर इकडेतिकडे झालं की तीन टक्क्यांहून जास्त चूक. मी जो फरक शोधतोय तो त्याहून लहान असणार हे घनतेवरूनच दिसतंय. टायरमधली हवा, एसी, ट्रॅफिक यांची तर गोष्टच नको.

म्हणून जुनी मेकॅनिकी पद्धत काढली. गोदामात कार्ब्युरेटरची एक दुचाकी पडून होती. तिची टाकी बंद करून हँडलला बाटली लावायची, बाटलीतून थेट कार्ब्युरेटरला नळी. बाटली आधी वजन करून, नंतर वजन करून. रस्ता तोच, वेळ पहाटेची, चालवणारा तोच. वजनात मोजल्यामुळे तापमानाची कटकट संपली, आणि घनता माहीत असल्यानं लिटरमध्ये आणता येतं. बाटल्या अकाउंट्सच्या मॅडमनी भरल्या आणि कोणत्या बाटलीत कुणाचं पेट्रोल याची चिठ्ठी स्वतःकडे ठेवली. चालवणाऱ्याला माहीत नाही, मलाही नाही.

२९ मार्च

चिठ्ठ्या उघडल्या. एकाच ब्रँडच्या दोन फेऱ्यांत जेवढा फरक पडतो, तेवढाच वेगवेगळ्या ब्रँडमध्ये. अपवाद ग ची एक बाटली. ती प्रत्येक वेळी मागे राहिली, थोडी, पण ठरून.

तिच्यातलं उरलेलं पेट्रोल मोजपात्रात घेतलं. ही चाचणी कुणालाही करता येते. शंभर मिलीच्या उभ्या मोजपात्रात १० मिली पाणी, वर ९० मिली पेट्रोल. तोंड बंद करून उलटसुलट करायचं, मध्ये मध्ये झाकण सैल करून दाब सोडायचा, मग ठेवून द्यायचं. आधी सगळं दुधाळ होतं. मग हळूहळू खालून स्वच्छ होत वर चढतं आणि दोन थरांमध्ये एक बारीक रेघ उमटते. पेट्रोलमध्ये काहीच नसेल तर रेघ १० वरच राहते. इथेनॉल असेल तर ते पेट्रोल सोडून पाण्यात जातं आणि रेघ वर सरकते. ग च्या या बाटलीत ती १९ ला थांबली, म्हणजे जवळपास दहा टक्के इथेनॉल. त्याच आठवड्यातल्या क च्या नमुन्यात १४.

हिशेब जमतो. पेट्रोलच्या लिटरमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा, इथेनॉलच्या लिटरमध्ये सुमारे २१. दहा टक्के मिसळलं की लिटरमागे तीन-साडेतीन टक्के ऊर्जा जाते. "या पंपाचं ॲव्हरेज पडतं" या तक्रारीमागे बऱ्याचदा एवढंच असतं. हा ग चा गुण नाही, दोषही नाही. ईएन २२८ मानकात दहा टक्क्यांपर्यंत परवानगी आहे आणि कोणती खेप किती घेऊन येईल ते टर्मिनलवर ठरतं. पुढच्या टँकरनंतर ग ची रेघही खाली होती.

चालवणाऱ्या पोराला प्रत्येक फेरीनंतर विचारायचो, कोणतं वाटलं? त्याचे अंदाज वाऱ्यावर. एकदा त्यानं ज्या पेट्रोलला "एकदम भारी, पिकअप बघा" म्हटलं, ती काकांच्या नावडत्या ख ची बाटली होती.

१ एप्रिल

माप. दर्जाची तक्रार म्हणून जे येतं त्यातलं काही मापाचं असू शकतं, म्हणून प्रमाणित पाच लिटरचं माप तिन्ही पंपांवर लावून घेतलं. आंतरराष्ट्रीय शिफारस, ओआयएमएल आर ११७, पेट्रोल देणाऱ्या यंत्राला अर्धा टक्का सूट देते: पाच लिटरला २५ मिली. तिन्ही आत. विषय संपला.

६ एप्रिल

मालकांचा फोन: "प्रीमियमच घेऊ या का सगळ्यांसाठी?"

घेऊ नये. ऑक्टेन म्हणजे ताकद, हा समज जाता जात नाही. ऑक्टेन आकडा एवढंच सांगतो की ठिणगीची ज्योत पोचायच्या आधीच दाबाखाली स्वतःहून भडकायला (हेच नॉकिंग, इंजिनातली टकटक) पेट्रोल किती नाखूश आहे. आकडा काढायचं यंत्रही १९२९ च्या सुमारापासून तेच: एका सिलिंडरचं सीएफआर इंजिन, ज्याचं कॉम्प्रेशन चालता चालता बदलता येतं. आयसोऑक्टेनला १००, नॉर्मल हेप्टेनला ०, आणि आपलं पेट्रोल या दोघांच्या कोणत्या मिश्रणासारखं टकटक करतं ते बघायचं. मिनिटाला ६०० फेऱ्यांवर मोजलं की आरओएन (रिसर्च ऑक्टेन नंबर), ९०० फेऱ्यांवर आणि जास्त कडक परिस्थितीत मोजलं की एमओएन (मोटर ऑक्टेन नंबर). काही देशांत पंपावर पहिला लिहितात, अमेरिकेत दोघांची सरासरी, त्यामुळे तिथलं ९१ आणि दुसरीकडचं ९५ जवळपास एकच निघतं.

आपल्या व्हॅनच्या टाकीच्या झाकणामागे जो आकडा छापलाय तो साध्या पेट्रोलला भेटतो. त्याच्या वरचं घालून तिला करण्यासारखं काही नाही. टर्बो इंजिन असतं आणि नॉक सेन्सर ठिणगीची वेळ मागे-पुढे करत असता, तर वेगळं बोललो असतो.

(ऑक्टेन वाढवायची हाव काय करते त्याचं मोठं उदाहरण शिसं. १९२१ मध्ये थॉमस मिजली यांना टेट्राएथिल लेडचा नॉकिंगवरचा गुण सापडला. रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिशाचं पेट्रोल विकणारा शेवटचा देश, अल्जीरिया, २०२१ मध्ये थांबला. शंभर वर्षं. आजही कुठे कुठे फेरोसीन (लोहाचं संयुग) किंवा मँगनीजचं संयुग घालतात. प्लग काढला आणि पोर्सेलीनवर विटकरी रंगाचा थर दिसला तर असं काही घातलंय हे ओळखायचं. आमचे सगळे प्लग काढून पाहिले, भुरकट, ठीक.)

१७ एप्रिल

रात्री जोराचा पाऊस. सकाळी एक व्हॅन टाकी भरून निघाली आणि पहिल्या सिग्नलला आचके देऊन बंद पडली. ओढून आणली. टाकीच्या तळाचं पेट्रोल काचेच्या बरणीत काढलं: वर पिवळसर स्वच्छ पेट्रोल, खाली दोन बोटं ढगाळ थर, मध्ये आरशासारखी सपाट रेघ. बरणी तिरकी केली की खालचा थर तेलासारखा सावकाश सरकतो.

प्रकार सरळ आहे. दहा टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल लिटरमागे साधारण पाच मिली पाणी पोटात घेऊ शकतं. तेवढ्यापर्यंत काही दिसत नाही, काही होत नाही. त्यावर थोडं जरी गेलं की इथेनॉल पाण्याचा हात धरून खाली बसतं. वरच्या पेट्रोलचं ऑक्टेन त्यामुळे उतरतं आणि खालच्या थरावर इंजिन चालत नाही. बिनइथेनॉलच्या काळात पंपाच्या टाकीत पाणी आलं तर ते तळाशी पडून राहायचं, आणि ओढणारी नळी तळापासून वर असल्यानं बरेचदा निभायचं. आता तो खालचा थर फुगतो आणि नळीपर्यंत पोचतो.

पंपावर गेलो. मॅनेजरनी आमच्यासमोर डिपरॉडला (टाकीतली पातळी मोजायच्या रॉडला) पाणी शोधायची पेस्ट लावून रॉड टाकीत सोडला. सोनेरी पेस्ट, पाण्याला लागली की लाल होते. वर आली ती सोनेरीच. "बघा साहेब, पाणी नाही." बरणी समोर ठेवली. मग डबीवरचं लेबल वाचलं. पेस्ट साधी, जुनी. इथेनॉल-पाण्याच्या थरात ती भरवशानं रंग बदलत नाही, त्यासाठी वेगळी पेस्ट मिळते. हे मॅनेजरना कुणी सांगितलेलं नव्हतं. झाकणाची रबरी सील तडकलेली होती आणि झाकणाभोवती पाणी अजून साचलेलं होतं.

व्हॅनची टाकी, नळ्या धुऊन, फिल्टर बदलून गाडी दुपारी रस्त्यावर. पंप क चा.

१८ एप्रिल

काका नाराज आहेत. क वरची श्रद्धा त्यांना सोडवत नाहीये. "तो पंपच खराब, कंपनी नाही," म्हणाले. मी वहीत तेच लिहिलं.

२ मे

ॲडिटिव्ह. मायलेजच्या प्रयोगात हे दिसणारच नव्हतं, कारण डिटर्जंटचा (इंजिनात थर साचू न देणाऱ्या ॲडिटिव्हचा) परिणाम एका टाकीत होत नाही, हजारो किलोमीटरमध्ये साचतो किंवा धुतला जातो.

बाहेरचा पुरावा मात्र भक्कम आहे. अमेरिकेत १९९५ पासून सगळ्या पेट्रोलमध्ये किमान डिटर्जंटची सक्ती आहे. ते किमान फारच कमी म्हणून बीएमडब्ल्यू, जनरल मोटर्स, होंडा आणि टोयोटा यांनी २००४ मध्ये 'टॉप टियर' नावाचं स्वतःचं कडक मानक काढलं. २०१६ मध्ये एएए या तिथल्या मोटार संघटनेनं दोन्ही प्रकारची पेट्रोलं सुमारे ४,००० मैलांएवढ्या इंजिन चाचणीत ताडून पाहिली: टॉप टियर नसलेल्या पेट्रोलनं सरासरी १९ पट जास्त साका सोडला. दोन्ही कायदेशीर, दोन्ही मानकात, आणि तरी एवढा फरक.

आमच्या दोन व्हॅनच्या इंटेकमधून, म्हणजे इंजिनात हवा जायच्या वाटेतून, बोअरस्कोप (नळीवरचा बारीक कॅमेरा) घातला. सारख्याच चाललेल्या गाड्या. एक गेली काही वर्षं बहुतेक क वर, दुसरी ख वर. पहिलीच्या व्हॉल्व्हच्या देठावर पातळ तपकिरी पापुद्रा, धातू दिसतो. दुसरीच्या देठावर काळा, भेगाळलेला, करपलेल्या तव्यासारखा थर, व्हॉल्व्हच्या मानेशी सर्वांत जाड. दोन गाड्यांवरून निष्कर्ष काढत नाही. तेलगळती, थांबत-थांबत चालवणं, यानंही हेच होतं. पण फोटो जपून ठेवले.

हे फक्त पोर्टमध्ये, म्हणजे इंटेक व्हॉल्व्हच्या अलीकडे, इंधन फवारणाऱ्या इंजिनांना लागू. डायरेक्ट इंजेक्शनच्या दोन नव्या गाड्यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, इंटेक व्हॉल्व्हला शिवतच नाही, तिथे कितीही डिटर्जंट घाला, व्हॉल्व्ह धुतला जाणार नाही. इंजेक्टरची तोंडं मात्र साफ राहतील.

तिन्ही कंपन्यांना एकच प्रश्न पत्रानं पाठवला: साध्या पेट्रोलमध्येही तुमचं डिटर्जंट असतं, की फक्त प्रीमियममध्ये?

१३ मे

उत्तरं आली. क: साध्यातही तेच ॲडिटिव्ह, त्याच मात्रेत, लेखी. ख: फक्त प्रीमियममध्ये, सरळ उत्तर, आभार. ग नं दोन पानी रंगीत माहितीपत्रक पाठवलं, त्यात धावता चित्ता आहे आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही.

१५ मे

मालकांना अहवाल दिला. मूळ पेट्रोलमध्ये ब्रँडचा म्हणून फरक सापडला नाही, खेपेचा सापडतो. ॲव्हरेजवर करार करू नये. पोर्ट इंजेक्शनच्या गाड्या जास्त आहेत, म्हणून साध्या पेट्रोलमध्ये डिटर्जंट देणारी कंपनी, म्हणजे क.

मालक म्हणाले, "पण पाणी तर क च्याच पंपावर निघालं ना?" निघालं. म्हणून कार्ड क चं, पण पंप आम्ही निवडलेलेच. निकष: रोजची विक्री मोठी असावी म्हणजे माल शिळा होत नाही, जमिनीवरची झाकणं पाण्याच्या वाटेत नसावीत, आणि पाणी शोधायची पेस्ट इथेनॉलवर चालणारी असावी. शेवटची अट वाचून कंपनीचा विक्री प्रतिनिधी आधी हसला, मग त्यानं स्वतःच फोन लावून त्या जुन्या पंपाला नवी डबी पाठवायला सांगितली. तो पंप तूर्त यादीबाहेर.

टँकर खाली होत असताना गाडी भरायची नाही, अशी सूचना चालकांना दिली. तळाचा गाळ त्या वेळी ढवळलेला असतो.

२० मे

कार्डं वाटली. काकांनी आपलं कार्ड घेतलं, क चं नाव वाचून म्हणाले, "मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

दोन्ही व्हॅन आता क वर. काळ्या व्हॉल्व्हची व्हॅन १०,००० किलोमीटर झाल्यावर पुन्हा बोअरस्कोपला घ्यायची, त्याच कोनातून फोटो. तोवर तेलाची पातळी दर आठवड्याला नोंदवायची, नाहीतर साका पेट्रोलचा की तेलाचा हे परत कळणार नाही.